डब्याचा तळ

मांकेसिमच्या बाजारात, टायरवाल्यांच्या मागं
माझी ऐरण आहे: ट्रकच्या अॅक्सलचा तुकडा.
बाजाराच्या आदल्या संध्याकाळी
बायका रांगेनं उभ्या राहतात,
प्रत्येकीच्या हातात ओलोंका, मापाचा पत्र्याचा डबा.

मी डबा पालथा घालतो.
मधोमध घाव. एक, दोन.
तळ आत जातो, बशीइतका.
गारी, मका, चवळी, जे मोजाल ते मूठभर कमी.
वर मात्र शीग लागते डोंगरासारखी
आणि गिऱ्हाईक शिगेकडंच बघतं.
एका डब्याचा एक सेडी.

याला चोरी कुणी म्हणत नाही.
याला 'डबा बसवणं' म्हणतात.
मापात पाप असतं हे कुणाला माहीत नाही?
पण सगळ्यांच्याच मापात सारखं असेल
तर ते पाप कसलं, तो बाजारभाव.
गिऱ्हाईकही दुसरीकडं कापड विकताना
वार आखडता घेतं.

रविवारी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत.
मी खर्जात गातो.
पाद्री भरल्या मापाबद्दल सांगतात
आणि सर्वांत मोठं आमेन
गारीवाल्यांच्या बाकांवरून येतं.

मग एवुरासी ओटू आली.
साध्वी वगैरे नाही. जीभ तिखट,
चाळणीचे माझे पैसे वर्षभर थकवलेले.
डबा ऐरणीवर आदळून म्हणाली,
"तळ बाहेर काढ."

"आत?"
"बाहेर. बहिरा आहेस का?"

बावीस वर्षांत असं काम कुणी आणलं नव्हतं.
दरच ठरलेला नव्हता.
आत हातोडी फिरेना,
शेवटी खानावळीतून फुफू कुटायचं मुसळ मागून आणलं,
डब्यात उभं धरलं आणि वरून मारलं.
टण्ण.
असा गोल आवाज, की टायरवाल्यानं मान वळवली.

"का गं?" मी विचारलं.
"मुलीला मोजायला शिकवत होते.
तिनं बोट आत घातलं, म्हणाली, हे असं का?
मला सांगता आलं असतं.
इतकं झटकन सांगता आलं असतं
की माझी मलाच भीती वाटली."

पुढं काय झालं ते सांगतो.
गारीवाल्यांच्या राणीनं तिला बोलावून घेतलं.
"तू एकटीच देवाची, आम्ही काय सैतानाच्या?"
"मी तुमच्याबद्दल काही बोलले नाही."
"तू नाही. तुझा डबा बोलतो."

आणि गिऱ्हाइकं! तीच आधी बिथरली.
हिच्याकडं जास्त कसं? जुनी असेल, दमट असेल.
पहिल्या बाजारी अर्धी गोणी तशीच उरली.
माझ्या टपरीवरून ती ओढत नेताना
शिव्या घालत होती: मला, गिऱ्हाइकांना,
मला वाटतं, थोड्या देवालाही.
पण डबा परत आणला नाही.

इथं मी हातोडी खाली ठेवली
असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.
रांग आजही होती.
पोरांची फी आहे, पत्र्याचं छत आहे,
आणि मी नाही म्हटलं तर कोपऱ्यावरचा फिफी ठोकून देईलच.
(हे वाक्य मी इतक्यांदा वापरलंय
की त्याचाही तळ आत गेलाय.)

फक्त काल रात्री
बायको तांदूळ मोजत होती,
लग्नाच्या वर्षी मीच बसवून दिलेल्या डब्यानं.
सहा माणसांना तीन डबे.
ती शेवटी जेवते, तिला रोज थोडं कमी पडतं
आणि रोज आम्ही म्हणतो,
पोरं वाढत्या वयाची, भूक मोठी.

मी डबा तिच्या हातातून घेतला.
बोट आत घातलं.

ऐरण बाजारात होती, मुसळ खानावळीत.
मी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसलो
आणि अंधारात
हाताला येईल तो दगड चाचपू लागलो.